न लुकलुकणारा उजेड

डोणगावात लग्नाची तारीख निघाली की आचाऱ्याच्या आधी प्रेमानंद अवसरमोलला फोन जायचा. जेवणात थोडं उन्नीस-बीस झालं तर लोक चालवून घेतात. पण स्टेजवरचा उजेड सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसतो आणि तिथं एकदा नाक कापलं गेलं की ते कापलेलंच राहतं. लाईटवाले मेहकरला होते, लोणारलाही होते. त्यांच्याकडे नुसते दिवे होते आणि प्रेमानंदकडे लॅपटॉप होता. त्याच्या मते या दोहोंत बैलगाडी आणि ट्रॅक्टरइतकं अंतर होतं, आणि हे तो समोरच्यानं विचारलं नसताना सांगायचा.

मुळात तो मोटारी भरणारा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार गुंडाळायची, हात काळे करून घरी यायचं. एकदा मेहुण्याच्या लग्नात शहरातून एलईडी वॉल आली आणि हा गडी संपूर्ण लग्नभर नवरा-नवरीकडे पाठ करून लॅपटॉपवाल्याच्या बोटांकडे बघत उभा राहिला. अक्षतांच्या जागी फुलं उधळली गेली ती याच्या पाठीवर पडली. बायको सारिका जेवायला बोलवून बोलवून थकली. त्यानंतर मोबाइलवर हिंदीतले व्हिडिओ लावून तो जे शिकला ते कुठल्याही कॉलेजात न जाता शिकला. शिकवणारे बिहारचे, राजस्थानचे. त्यामुळे त्याच्या तोंडी काही शब्द असे बसले की सारिका म्हणायची, 'हे माणूस घरात हाये का दुसऱ्या मुलखात, तेच समजत नाई.'

काम ऐकायला अवघड, समजून घेतलं तर सोपं. स्टेजवरचा प्रत्येक दिवा म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावरचा एक चौकोन. चौकोनाखाली पट्ट्या. एक सरकवली की लाल, दुसरी सरकवली की निळा, तिसरीनं उजेड कमी-जास्त, आणि एक पट्टी फ्लॅशची. लॅपटॉपमधून वायर निघते ती पहिल्या दिव्यात जाते, पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मागची एलईडी वॉल वेगळी. ती म्हणजे एकाला एक चिकटवलेले चौकोनी पॅनल, आणि कोणता पॅनल कुठं बसलाय हे दुसऱ्या सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं. सांगण्यात गफलत झाली की फजिती. वरवट बकालच्या एका लग्नात त्यानं दोन पॅनल उलटसुलट सांगितले आणि नवरदेवाच्या मिशा नवरीच्या कपाळावर उगवल्या. नवरीचा मामा हसून हसून खुर्चीवरून खाली आला, म्हणून प्रेमानंद वाचला.

पण लोकांना या कारागिरीशी काही देणंघेणं नसायचं. लोकांना हवा असायचा फ्लॅश. गाणं रंगात आलं, ढोल वाढला, की प्रेमानंद सगळ्या दिव्यांच्या फ्लॅशच्या पट्ट्या एकदम वर ढकलायचा. स्टेज पांढरं-काळं, पांढरं-काळं व्हायचं, नाचणारे तुकड्यातुकड्यांनी नाचताहेत असं दिसायचं आणि पोरं बेभान व्हायची. 'फ्लॅश मार बे प्रेमानंद!' अशी आरोळी उठली नाही असा कार्यक्रम नाही. त्याला ते आवडायचं. तोंडानं तो कितीही म्हणो की हे काय, हे तर कुणीही करतं. पण आरोळी ऐकली की त्याच्या मानेला एक ताठा यायचा, आणि तो ताठा त्याच्या मुलीला फार आवडायचा.

मुलगी धम्मशीला, घरची शीलू. बाप सामान लावायला निघाला की ही आधी गाडीत. कार्यक्रम सुरू झाला की दिव्यांच्या रिकाम्या पेटीवर त्याच्या शेजारी बसायची आणि कोणत्या गाण्याला कोणता रंग हे बापाला सांगायची. बाप ऐकायचाही. बापलेकीची ही जोडी डीजे आणि जनरेटरवाल्या हबीबला इतकी पाठ होती की शीलू दिसली नाही तर तो विचारायचा, 'आज मालकीण नाही आली क्या?'

आणि त्या पेटीवरच ती पहिल्यांदा पडली. मेहकरच्या एका हॉलमध्ये हळदीचा नाच चालू होता, आरोळी आली, प्रेमानंदनं पट्ट्या वर ढकलल्या. थोड्या वेळानं शेजारी काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. शीलू खाली, डोळे वर गेलेले, हातपाय झटके देताहेत, तोंडाला फेस. त्यानं आधी तिला उचललं आणि पट्ट्या वरच राहिल्या. त्या उजेडात ती त्याच्या हातांत तुकड्यातुकड्यांनी थरथरताना दिसली. लोक धावले. कुणी कांदा आणला, कुणी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. प्रेमानंदनं लावू दिली. त्या क्षणी त्याच्यापुढं कुणी शेण आणलं असतं तरी त्यानं लावू दिलं असतं.

नंतर वर्गात एकदा झालं, घरी टीव्हीसमोर एकदा झालं. शेजारच्या बायांनी नावं घ्यायला सुरुवात केली. या बाबाचा अंगारा, त्या दर्ग्याचा धागा. प्रेमानंदची आई जनकाबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, 'आमच्या घरात अंगारा-धुपारा बंद झाला तो माह्या सासऱ्यापासून. पोरीले दवाखान्यात नेऊ.' म्हातारीचं हे एक बरं होतं. रडायची ती नंतर, न्हाणीत जाऊन.

अकोल्याच्या डॉक्टरांनी शीलूच्या डोक्याला वायरी लावल्या आणि तिच्या डोळ्यांसमोर एक दिवा आणून ठेवला. प्रेमानंद काचेच्या पलीकडे उभा होता. दिवा लुकलुकायला लागला; आधी सावकाश, मग भरभर. एका वेगाला पोचल्यावर पडद्यावरच्या रेघा वेड्यावाकड्या उसळल्या आणि तंत्रज्ञ बाईनं घाईनं दिवा बंद केला. तो वेग प्रेमानंदच्या ओळखीचा होता. आपल्याच हातचा होता तो, ढोल वाढल्यावरचा. काचेला कपाळ टेकून तो तसाच उभा राहिला.

डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, गोळ्या चुकवू नका, झोप मोडू नका, शाळा चालू ठेवा, खेळू द्या, बोलू द्या. एवढंच, की लुकलुकणाऱ्या उजेडापासून लांब ठेवा. पडलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल हुंगवू नका, थांबा. मग त्यांनी सहज विचारलं, 'तुम्ही काय काम करता?' प्रेमानंद गोळ्यांच्या चिठ्ठीची घडी घालत बसला. सारिका म्हणाली, 'लाईटचं करतात.' डॉक्टरांना वाटलं, वीज मंडळात असेल. ते म्हणाले, 'बरं बरं.'

त्या दिवसापासून प्रेमानंदनं फ्लॅश बंद केला. मोठं काही ठरवून नव्हे. हात त्या पट्टीवर गेला की बोटं थंड पडायची. लोक ओरडायचे, तो ऐकू न आल्यासारखं करायचा. एका लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी त्याला घेरलं आणि शेवटी एकानं स्वतःच लॅपटॉपवर हात घालून पट्ट्या ढकलल्या. प्रेमानंद तिथून उठून गाडीमागं जाऊन उभा राहिला. असल्या गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या तिथींना त्याचा फोन वाजेनासा झाला आणि मेहकरच्या गाड्या डोणगावात दिसायला लागल्या. तो पुन्हा दिवसा मोटारी भरू लागला. लॅपटॉप कपाटावर गेला.

शीलूचं दुःख वेगळंच होतं. तिला पडल्याचं आठवत नसे, पण पडून उठल्यावरचे लोकांचे चेहरे आठवत. वर्गातल्या पोरी वाईट नव्हत्या. त्या फक्त तिच्यापासून जरा अंतरावर बसायच्या, आणि कबड्डीत बाई तिला गुण मोजायला बसवायच्या. ती आधी रागावली, मग गप्प झाली. मार्चमध्ये एका संध्याकाळी प्रेमानंद मोटारीची तार गुंडाळत होता तेव्हा ती समोर येऊन बसली.

'पप्पा, मले जयंतीत भाषण द्यायचं हाये. स्टेजवर.'

'स्टेजवर नको, बेटा.'

'काऊन नको?'

'तुले माहीत हाये काऊन ते.'

'तुमचेच लाईट राहीन ना? मंग तुमी फ्लॅश मारूच नका.' आणि मग तिनं ते म्हटलं जे प्रेमानंदला पुढं कितीतरी दिवस जेवताना आठवायचं. 'आतापर्यंत साऱ्या गावानं मले पडलेलीच पाह्यलं, पप्पा. एकडाव उभी पाहू द्या ना.'

आतून सारिकाचा आवाज आला, 'अवो, नाई म्हणू नका तिले. घरात बसून बसून पोरगी सुकून राह्यली.'

कपाटावरचा लॅपटॉप खाली आला.

जयंती समितीचे अध्यक्ष कडूबामामा. मनानं सरळ, आवाजानं आडदांड. प्रेमानंद फुकट लाईट लावतो म्हणाल्यावर ते खुलले आणि फ्लॅश नाही म्हणाल्यावर बिघडले. 'जयंती हाये बे, कोनाचं मयत नाई! फ्लॅश नाई म्हनजे काय? पोट्टे मले जित्ता ठेवतीन का?'

हबीब मध्ये पडला. हबीबची ही सवयच. दोघं भांडू लागले की हा चहा मागवायचा. 'मामा, ऐसा करू ना. दिवे लागनीले पोट्ट्याइचे भाषणं होऊ द्या. शीलूचं भाषण झालं की तिले घरी पोचवून देऊ. मंग तुमाले जे चमकवायचं ते चमकवा, मी मेहकरवाल्याले बोलावतो.' कडूबामामांनी चहा संपेपर्यंत कुरकुर केली आणि मान्य केलं.

मग प्रेमानंद जे कामाला लागला ते पाहण्यासारखं होतं. लग्नाच्या कार्यक्रमाला त्यानं कधी इतका जीव लावला नसेल. लॅपटॉपमध्ये नवीन फाइल उघडली आणि तिला नाव दिलं 'शीलू'. प्रत्येक चौकोनातली फ्लॅशची पट्टी खाली ओढून कुलूपबंद केली. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते, कधी वापरली नव्हती. रंग बदलायचा तोही असा की आभाळ बदलतं तसं, कळू न देता. वॉलवरची धावती अक्षरं काढली. मागं निळी पार्श्वभूमी, बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली स्थिर अक्षरांत तिचं नाव, तिची इयत्ता. वॉल मोबाइलच्या कॅमेऱ्यात थरथरते का हे त्यानं तपासलं, उजेड कमी केला, पुन्हा तपासलं. घराच्या अंगणात दोन दिवे लावून शीलूला समोर उभं केलं, आणि स्वतः तिच्या पापण्यांकडे बघत बसला. ती हसायला लागली. 'पप्पा, असे पाहू नका, मी भाषण विसरून राह्यली!'

भाषण महाडच्या चवदार तळ्याचं होतं. तिनं स्वतः लिहिलं होतं. शेवटच्या वाक्याला हात कुठं न्यायचा यावरून आजी-नातीत वाद झाला आणि आजी जिंकली.

एक गोष्ट मात्र त्यानं तपासली नाही, आणि ती इथंच सांगून टाकतो. आपल्याकडच्या लाईटवाल्यांना जगात एकाच गोष्टीची भीती वाटते, ती म्हणजे अंधार. मांडवातली गर्दी, खुर्च्या, चपला, पोरं. वायर केव्हा कुणाच्या पायात येईल याचा नेम नाही. वायर सुटली, हुकूम थांबला, स्टेज काळं पडलं, की पाहुणे लाईटवाल्याच्या अंगावर येतात. एकदोघांनी मार खाल्लेला आहे. म्हणून इकडच्या सगळ्या लाईटवाल्यांनी एकमेकांचं बघून एक तोड काढलेली. प्रत्येक दिव्याच्या पाठीवर चार बटणं असतात. त्यातून दिव्याला बजावून ठेवायचं, की लॅपटॉपचा हुकूम आला नाही तर गप्प बसू नकोस. कान उघड, आजूबाजूला जो आवाज असेल त्याच्या ठेक्यावर आपलं आपण चमकत राहा. ढोल असेल तर ढोलावर, हसणं असेल तर हसण्यावर. लोकांना वाटतं कार्यक्रम रंगला, आणि तोवर लाईटवाला वायर जोडून घेतो. मोठी हुशारीची तोड. प्रेमानंदनं आपल्या एकूणएक दिव्याला असं बजावून ठेवलं होतं, दिवे नवे कोरे असताना, आणि मग विसरून गेला होता. सवयीच्या गोष्टी कोण लक्षात ठेवतो? लॅपटॉपमधून त्यानं सगळा धोका काढून टाकला. पण वायर ओढून बघावी, हे काही त्याच्या मनात आलं नाही.

जयंतीची संध्याकाळ आली. दिवसभराचं ऊन जमिनीतून अजून वर येत होतं. पांढऱ्या साड्या, निळी उपरणी, समोर बायकांच्या खुर्च्या, मागं पोरांचा गलका. प्रेमानंदचं टेबल गर्दीच्या पार मागं होतं, समोरून सगळं दिसावं म्हणून. तिथून निघालेली वायर खुर्च्यांखालून स्टेजपर्यंत गेली होती, मध्ये एक जोड. जनरेटर स्टेजच्या उजव्या अंगाला, हबीब त्याच्यापाशी. त्रिशरण-पंचशील झालं. दोन पोरं भाषण विसरली, एकानं आईला हाका मारल्या, लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. मग कडूबामामांनी माइकवर नाव घेतलं, 'धम्मशीला प्रेमानंद अवसरमोल!'

मांडवात एक क्षण कुजबुज झाली. 'तेच ना वो, फीट येणारी?' सारिका पहिल्या रांगेत बसली होती, तिनं ते ऐकलं. जनकाबाईनंही ऐकलं. दोघींनी मागं वळून पाहिलं नाही.

शीलू पायऱ्या चढली. निळ्या फ्रॉकवर पांढरं जाकीट. प्रेमानंदनं पट्टी हळूहळू वर सरकवली आणि एक मऊ, पिवळसर उजेड तिच्यावर उतरला. तिच्या आईनंसुद्धा तिला इतकं सुंदर कधी पाहिलं नव्हतं. ती बोलायला लागली. पहिली दोन वाक्यं माइकपर्यंत पोचलीच नाहीत. मग आवाज मोकळा झाला. पाणी म्हणजे काय हे तिनं असं काही सांगितलं की मागची पोरं आपसूक गप्प झाली. कुत्र्या-मांजरांना ज्या तळ्याचं पाणी चालत होतं ते आपल्या पणजोबांना चालत नव्हतं, असं ती म्हणाली तेव्हा एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. प्रेमानंदचा हात पट्टीवरून हलला नाही. त्याला रडू येत होतं आणि रडलो तर पडदा नीट दिसणार नाही म्हणून तो रडत नव्हता.

शेवटचं वाक्य झालं. आजीनं सांगितल्याप्रमाणे हात वर गेला. सगळा मांडव टाळ्या वाजवत उभा राहिला.

उभा राहिला तेच भोवलं. बायका उठल्या तशा प्लास्टिकच्या खुर्च्या मागं सरकल्या, कुठल्यातरी खुर्चीचा पाय वायरीत अडकला आणि जोड सुटला. दिव्यांना हुकूम येईनासा झाला. दिव्यांनी कान उघडले. समोर टाळ्या होत्या.

एक टाळी, एक चमक. शेकडो टाळ्या. स्टेज पांढरं-काळं, पांढरं-काळं व्हायला लागलं.

प्रेमानंदला क्षणभर कळलंच नाही, कारण त्याच्या पडद्यावर सगळं शांत होतं, पिवळसर, मऊ. मग त्यानं मान वर केली. सगळ्या पट्ट्या त्यानं दोन्ही हातांनी खाली ओढल्या. पडद्यावरचं स्टेज काळंठिक्कर पडलं. खरं स्टेज चमकतच होतं. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग त्याला आठवलं, दिव्यांच्या पाठीवरची चार बटणं आठवली, आणि तो टेबलावर चढला.

'टाळ्या बंद करा! अवो, टाळ्या बंद करा!'

कोण ऐकणार? त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन जिवाच्या आकांतानं हलवले. ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं, बाप खूश झालाय, आणखी मागतोय. त्यांनीही हात डोक्यावर नेले आणि आणखी जोरात वाजवल्या. मागच्या पोरांना किती दिवसांनी प्रेमानंदचा फ्लॅश दिसला होता. त्यांनी शिट्ट्या घातल्या. गावानं पोरीवर इतकं प्रेम आयुष्यात कधी केलं नसेल. शीलूला डोळे मिटायचं सुचलं नाही. ती हसत होती, मग नुसती उभी होती, मग तिचा वर गेलेला हात विचित्र वळला.

'हबीब! अंधार कर! जनरेटर बंद कर!'

गलक्यातून 'अंधार' एवढाच शब्द हबीबपर्यंत पोचला आणि त्यानं वळून पाहिलं. इतक्या वर्षांत लाईटवाल्यानं अंधार मागितलेला त्यानं ऐकला नव्हता. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्यानं स्टेजकडे पाहिलं आणि उडी मारून बटण दाबलं.

सगळं गेलं. दिवे, वॉल, तिचं नाव, माइक. अंधारात टाळ्या थोडा वेळ तशाच वाजत राहिल्या आणि मग एकेक करून बंद पडल्या. सारिकाची किंकाळी त्या शांततेत ऐकू आली.

प्रेमानंद गर्दीतून कसा गेला ते त्याला सांगता येणार नाही. खुर्च्या तुडवल्या, माणसं तुडवली. मोबाइलच्या उजेडात शीलू दिसली, स्टेजच्या फळ्यांवर, सारिकानं तिला कुशीवर वळवून धरलेलं. जाकिटावर फेस. गोल करून लोक उभे होते आणि त्या गोलातून कडूबामामा वाकले होते, हातात स्वतःची चप्पल, डोळ्यांत पाणी.

'हुंगू दे बे तिले, लवकर येते शुद्धीवर.'

प्रेमानंदनं त्यांचा हात धरला. 'नाई मामा. या स्टेजवर नाई.'

'अरे, तिच्या भल्यासाठी...'

'मले माहीत हाये मामा. तरी नाई.'

कडूबामामांनी चप्पल खाली ठेवली आणि तिथंच मटकन बसले. मग करण्यासारखं काही उरलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थांबा. सगळं गाव थांबलं. प्रेमानंदनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि झटके मोजण्याचीही हिंमत त्याला झाली नाही. आपल्या हातांना आयुष्यात जे जे येत होतं त्यातलं काहीएक या पोरीच्या उपयोगाचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. जनकाबाई लेकाच्या पाठीवर हात फिरवत होती, जसं तापाच्या पोराला फिरवतात.

झटके थांबले तशी हबीबनं गाडी आणली. शीलूला पुढच्या सीटवर प्रेमानंदच्या कुशीत दिलं, सारिका आणि जनकाबाई मागं बसल्या. लोक बाजूला झाले. एका बाईनं शीलूचा निघालेला बूट खिडकीतून आत दिला.

रस्त्यावर तिनं डोळे उघडले. नजर आधी रिकामी होती, मग बापावर येऊन थांबली.

'पप्पा, मी पुरं बोलली का?'

'हाव बेटा. पुरं बोलली.'

'शेवटचंबी?'

'शेवटचंबी. हात वर केला होता तू.'

तिनं हाताच्या पाठीनं ओठ पुसले. जीभ चावली गेली होती, बोलताना दुखत होतं. 'मंग लोकाइनं टाळ्या वाजवल्या?'

प्रेमानंदनं हबीबकडे पाहिलं. हबीब समोर रस्त्याकडे पाहत होता. मागं सारिकानं पदर तोंडात धरला.

'वाजवल्या,' प्रेमानंद म्हणाला. 'उभं राहून वाजवल्या. थांबतच नव्हते.'

शीलू हसली. डोकं त्याच्या छातीवर टेकवून तिनं आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या, पुन्हा गेल्या.

'मले एकबी ऐकू नाई आली, पप्पा,' ती म्हणाली. 'काऊन?'